इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिच्यावरचे व्यभिचाराचे आरोप खरे होते का?

बहुतेक इतिहासकारांच्या मते नाही, आणि खटल्याची कागदपत्रं पाहिली की ते पटतं. पाच पुरुषांशी संबंध (त्यात सख्खा भाऊ जॉर्जही) आणि राजाला मारण्याचा कट, असे आरोप होते. पण आरोपपत्रातल्या अनेक तारखांना अ‍ॅन त्या ठिकाणी नव्हतीच. कबुली दिली ती एकट्या मार्क स्मीटन या वादकानं. इतर चौघं उमराव घराण्यांतले. त्यांनी शेवटपर्यंत नाकारलं.

खरी अडचण वारसाची, म्हणजे मुलगा नसण्याची. 1533 मध्ये मुलगी झाली, एलिझाबेथ. जानेवारी 1536 मध्ये गर्भपात झाला. तोवर हेन्रीचं मन अ‍ॅनच्याच सेवेतल्या जेन सीमोरवर बसलं होतं. शिवाय मठांच्या जप्त संपत्तीवरून मंत्री क्रॉमवेलशी अ‍ॅनचं बिनसलेलं.

मग सगळं झटपट उरकलं: 2 मे 1536 ला अटक, 15 मे ला खटला (अध्यक्षस्थानी सख्खा मामा, ड्यूक ऑफ नॉरफोक!), 19 मे ला टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरच्छेद, तोही कुऱ्हाडीऐवजी तलवारीनं. गंमत म्हणजे 17 मे ला आर्चबिशप क्रॅन्मरनं तिचं लग्नच रद्दबातल ठरवलं होतं. लग्नच नव्हतं, तर व्यभिचार कसला? 30 मे ला हेन्रीनं जेनशी लग्न केलं.