चित्रपट पाहून जगण्याचा अर्थ कळतो का?

तुम्ही विचारलंय: "जगण्याचा अर्थ समजून घ्यायला तत्त्वज्ञानाची पुस्तकंच वाचायला हवीत का, की चित्रपट पाहूनही तो कळू शकतो? मित्र म्हणतात चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक. कळत असेल तर कुठले पाहू?"

तुमचे मित्र म्हणतात तेच माझा थोरला भाऊ गेली काही वर्षं मला ऐकवतोय. त्यामुळे प्रश्न वाचून गप्प बसवेना.

कळू शकतो. पण यादी करून दहा चित्रपट संपवले म्हणजे कळला असं होत नाही. आणि ज्यात पात्रं जगण्यावर सुंदर वाक्यं बोलतात, त्या चित्रपटांकडून मला फारशी आशा नाही. १९७१ चा 'आनंद' माझाही लाडका आहे, दरवेळी रडवतो. पण जिंदगी लांब नको, मोठी हवी, हे त्यातलं वाक्य आपल्या सगळ्यांना इतकं पाठ आहे की ते आता आत कुठे लागत नाही. माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो काय करतो हे दाखवणारा चित्रपट हवा. माझ्यासाठी तो जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' आहे, १९५२ चा. जपानीत या शब्दाचा अर्थ 'जगणं'.

गोष्ट थोडक्यात अशी. कांजी वातानाबे हा नगरपालिकेतला एका विभागाचा प्रमुख. जवळजवळ तीस वर्षं एकही रजा न घेता कागदांवर शिक्के मारत बसलेला. त्याला पोटाचा कर्करोग होतो. आधी तो सैरभैर होतो, दारू पिऊन पाहतो, रात्रभर भटकतो, आणि शेवटी सांडपाणी तुंबलेल्या एका जागेवर मुलांसाठी बाग व्हावी म्हणून अडकून पडलेला एक अर्ज हातात घेतो. टॉलस्टॉयच्या १८८६ च्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या कथेवरून कुरोसावाला हे सुचलं. २०२२ मध्ये यावरच इंग्रजी 'लिव्हिंग' आला, पटकथा काझुओ इशिगुरोची. तोही चांगला आहे, पण आधी मूळ पाहा.

२०१८ च्या मार्चमध्ये मी हा चित्रपट माझ्या वडिलांना दाखवला. बाबा एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला होता, आणि दादाने सगळ्यांना बजावलं होतं की बाबांना काही कळता कामा नये. काविळीचे उपचार चालू आहेत, एवढंच सांगायचं. मी ऐरोलीला राहते. ऑफिस सुटलं की ट्रान्सहार्बर लोकलने दहा-बारा मिनिटांत ठाण्याला उतरायचे, शहाळं घ्यायचे आणि घरी जाऊन खोटं बोलायचे. महिनाभर हेच चाललं होतं.

चित्रपट पेनड्राइव्हवर होता. टीव्हीला लावला. बाबांना इंग्रजी सबटायटल्स तेवढ्या वेगात वाचता येत नव्हती, म्हणून मी शेजारी बसून मोठ्याने मराठीत सांगत होते. सव्वादोन तासांहून मोठा चित्रपट, बाबांना तेवढं बसवेना. तीन संध्याकाळी लागल्या.

पहिल्या संध्याकाळी एक जागा आली. वातानाबेला शिक्का पुसायला कागद हवा असतो. तो खण उघडतो, आत जुन्या कागदांची एक चळत असते, वरचं पान टरकन फाडतो आणि त्याने शिक्का पुसतो. ते कागद म्हणजे त्याने स्वतः तरुणपणी लिहिलेला, विभागाचं काम कसं सुधारावं याचा प्रस्ताव.

"मागे घे," बाबा म्हणाले. मी मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. "अजून एकदा."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनवाले म्हातारे हयातीचा दाखला द्यायला त्यांच्या खिडकीवर यायचे. जिवंत आहोत हे सिद्ध करायला भर उन्हात रांगेत उभे. बाबांनी टिपणी लिहिली होती की खिडकीबाहेर पत्र्याची शेड आणि एक बाक असावा. फाईल तीन वेळा शेरा मारून परत आली. चौथ्यांदा ते स्वतः ती घेऊन प्रत्येक टेबलापाशी उभे राहिले. "फाईल ठेवून यायची नसते गं," बाबा म्हणाले, "तिच्याबरोबर उभं राहावं लागतं." चार वर्षांनी शेड झाली.

थोडं पुढे दवाखान्याचा प्रसंग आहे. बाहेर बसलेला दुसरा एक रुग्ण वातानाबेला सांगतो की डॉक्टरांनी साधा अल्सर आहे, काहीही खा असं म्हटलं, तर समजायचं वर्षही उरलेलं नाही. मग तो आत जातो आणि डॉक्टर नेमकं तेच बोलतात. हे वाचून दाखवताना माझा आवाज बंद झाला. पडद्यावर माणसं बोलत होती आणि मी गप्प.

"वाच की पुढे," बाबा म्हणाले.

मी वाचलं. प्रसंग संपल्यावर ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "मलाही तुम्ही असंच सांगताय ना." मी हो म्हटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात पेजेची वाटी घेऊन उभी होती, ती येऊन त्यांच्याजवळ बसली. त्या संध्याकाळी पुढचं काही पाहिलं नाही.

दादाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. "आजारी माणसाला मरणाचा सिनेमा दाखवतात का?" तो ओरडला, आणि आजही तो मला तेच विचारतो. मी चित्रपट मुद्दाम निवडला होता का? हो. मला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हतं.

पण बाबांनीच तिसऱ्या दिवशी विचारलं, "पुढचं कधी?"

वातानाबे चित्रपट बराच उरलेला असताना मरतो. उरलेल्या वेळात त्याच्या सुतकाला बसलेले सहकारी दारू पीत वाद घालतात की बाग नक्की कोणामुळे झाली. उपमहापौर श्रेय घेऊन निघून जातो. मागे राहिलेले हळूहळू कबूल करतात, रडतात, उद्यापासून आपणही असंच काम करू म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात सगळं जसंच्या तसं. मला हे पाहून उदास वाटलं होतं. बाबा म्हणाले, "बरोबर दाखवलंय. माणसं बदलत नाहीत. पण बाग आहे की."

आता दादाचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. तो रोज बाबांना गीतेचा एक अध्याय वाचून दाखवायचा. बाबा मन लावून ऐकायचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दादाचं म्हणणं की अर्थ तिथे आहे आणि चित्रपटात फक्त भावना. मी शाळेत गीतापठणाची बक्षिसं मिळवली आहेत. 'कर्मण्येवाधिकारस्ते' चा अर्थ कोणी विचारला असता तर पेपरात लिहायचा तोच सांगितला असता. घरात टिळकांचं 'गीतारहस्य' होतं, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ साली छापून आलेलं. मी त्यातली पंचवीस पानं वाचून ठेवून दिलं. 'इकिरू' पाहिल्यावर पुन्हा काढलं, आणि या वेळी मला प्रश्न होता. वातानाबे निष्काम होता का? मला वाटतं, पूर्ण नाही. त्याला बाग हवीच होती, अगदी हट्टाने हवी होती. शेवटी बर्फ पडत असताना तो त्या बागेतल्या झोपाळ्यावर बसून गातो, त्यात तृप्ती आहे. त्याने सोडलं ते श्रेय. बागेची आस त्याने सोडली नाही. बाबांचंही तसंच होतं. कर्मयोग वाचताना हा फरक मला दिसला असता असं वाटत नाही, कारण पुस्तकात समोर माणूस नव्हता. म्हणून मी म्हणते की आधी चित्रपट, मग पुस्तक. उलट्या क्रमाने पुस्तक माझ्या हातातून दोनदा सुटलं आहे.

त्या तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी मला शेड अजून आहे का ते बघून यायला सांगितलं. मी गेले. लाकडी बाक गेला होता, स्टीलच्या खुर्च्या होत्या, पण शेड होती. खाली दोन म्हाताऱ्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "गळते का?" मार्च महिना, मला कसं कळणार? "जूनमध्ये जाऊन ये," म्हणाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धो धो पावसात मी गेले आणि अर्धा तास त्या शेडखाली उभी राहिले. डाव्या कोपऱ्यात, पत्रे जोडलेत तिथे, थेंब पडत होते. बाकी कोरडं. तेव्हा बाबा अंथरुणातून उठत नव्हते. मी सांगितलं तर म्हणाले, "तो जोड तेव्हाही नीट नव्हता. वॉशर घातले नव्हते." जुलैत ते गेले.

तुम्ही चित्रपटांची नावं मागितली होती, तेवढी देते. मराठीत उमेश कुलकर्णींचा 'विहीर' पाहा. जिवाभावाचा भाऊ विहिरीत बुडून गेल्यावर मागे राहिलेला मुलगा त्याला शोधत राहतो, आणि चित्रपट त्याला कुठलंही तयार उत्तर देत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहा. स्मृती हरवलेला संस्कृतचा जुना विद्वान हत्तीच्या मागे चालत जातो, आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखं सांभाळते. सगळं शिकलेलं पुसलं गेल्यावर माणूस म्हणून काय उरतं, हा प्रश्न मोहन आगाशेंच्या चेहऱ्यावर दिसतो. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा १९५७ चा 'सेव्हन्थ सील' सगळे सुचवतात. मृत्यूबरोबर बुद्धिबळ खेळणारा सरदार विसरता येत नाही, पण सुरुवात त्याने करू नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही स्वतः खूप खचलेले असाल आणि म्हणून हा प्रश्न विचारला असेल, तर चित्रपटाच्या आधी डॉक्टरकडे जा, घरातल्या एकाला तरी सांगा. भावे-सुकथनकरांचाच 'कासव' अशा खचलेपणावरच आहे, पण तोसुद्धा एकट्याने पाहू नका. आणि घरात कोणी आजारी असेल तर मी केलं तसं करू नका. आधी त्यांना विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. दादाचं एवढं म्हणणं मला मान्य आहे. बाबांना ऐकायचं होतं हे मला आधी माहीत नव्हतं, मी तो धोका त्यांच्या वतीने घेतला.

दादाने 'इकिरू' अजून पाहिलेला नाही. खारघरहून तो दिवाळीत येतो तेव्हा मी दरवर्षी विचारते. या वर्षीही विचारणार आहे. सबटायटल्स मी वाचून दाखवीन.