डॉक्टर "गरज नाही" म्हणाले, तर तपासणी करायची का?

"डॉक्टर म्हणाले, त्रास नाही ना काही? मग कशाला नसतं मागं लावून घेता? आता त्यांना न विचारता जाऊन आले तर त्यांना काय वाटेल?" सोलापूर जिल्ह्यातल्या ४६ वर्षांच्या एका ताईंचा हा प्रश्न. आशा सेविकेने त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला बोलावलं होतं. हीच अडचण घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात.

डॉक्टर घरचेच. मुलांचे ताप, सासऱ्यांचा दमा, सगळं त्यांनीच सांभाळलेलं. तो विश्वास मला मोडायचा नव्हता. पण त्यांचं मत कुठून आलं, ते ताईंना सांगणं भाग होतं. दवाखान्यात माणूस येतो तो दुखणं घेऊन. अंगावरून लाल जातंय म्हणून बाई येते, तेव्हा आजार बहुतेक वेळा पुढे गेलेला असतो. त्यामुळे "तक्रार नाही म्हणजे आजार नाही" हे डॉक्टरांच्याही मनात घट्ट बसतं. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग व्हायला मात्र साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, तीही बिनतक्रार. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तर या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

मग ताई आवाज खाली करून म्हणाल्या, "आमच्यासारख्या घरात कशाला, असंही म्हणाले." हे ऐकून मला फार वाईट वाटतं. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून असं बोललं जातं. पण हा विषाणू इतका सर्रास आढळतो की त्यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंधच नाही.

उलट टोकाचे डॉक्टरही असतात. धडधाकट बाईलाही अंडाशयाच्या कर्करोगासाठीची सीए-१२५ ही रक्ततपासणी लिहून देतात. तिचीही सरसकट गरज नसते.

मी ताईंना म्हटलं, "करू का?" असं विचारू नका. "सरकार ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी करायला सांगतं, मग मला का नको?" असं विचारा. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, याआधी कधी केली होती का विचारलं, आणि म्हणाले, "करून या, कागद मला दाखवा."

ताई तपासणीला गेल्या. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून भाग पांढरा पडतो का ते पाहिलं, काही मिनिटांचं काम. काही आढळलं नाही. आता त्यांना जाऊबाईंना न्यायचंय. त्यांची पिशवी काढलेली आहे. गर्भाशयाचं तोंडही काढलंय की ठेवलंय, त्यावर तपासणी ठरेल. म्हणून आधी ऑपरेशनचे कागद शोधायला सांगितलेत.