सीरम लावले, पण गुण आला का?

प्रश्न : मी फोंड्याला राहते आणि वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. दिवसभर एसीमध्ये बसावे लागत असल्यामुळे संध्याकाळपर्यंत गालांची त्वचा ओढल्यासारखी होते. पुण्याच्या नणंदेने सुचवले म्हणून हायल्युरोनिक अ‍ॅसिड असलेले सीरम आणले. लावल्या लावल्या चेहरा टवटवीत दिसतो, संध्याकाळी मात्र पुन्हा तेच. कार्यालयातली मैत्रीण म्हणते, चेहरा उजळला. यजमान म्हणतात, काडीचाही फरक नाही. सीरमचा उपयोग होतो आहे की नाही, हे ठरवायचे कसे? आणि गोव्याच्या दमट हवेत त्याची मुळात गरज आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची तक्रार संध्याकाळी त्वचा ओढली जाण्याची आहे आणि या सीरमचे काम त्वचेत ओलावा टिकवण्याचे आहे. उजळपणाचा या दोहोंशी संबंध नसल्यामुळे मैत्रिणीचे आणि यजमानांचे, अशी दोन्ही मते तूर्त बाजूला ठेवावीत. निकाल लावायचा तो एकाच गोष्टीवर, की कामाचा दिवस संपताना गालांचा ताण पूर्वीपेक्षा कमी झाला आहे की नाही.

हायल्युरोनिक अ‍ॅसिड हा काही प्रयोगशाळेतून अचानक उपटलेला पदार्थ नाही. तो आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत असतोच. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो प्रथम वेगळा काढला, तोही गायीच्या डोळ्यातून. पाणी धरून ठेवणे हा त्याचा गुण खरा आहे. परंतु बाटलीतल्या या पदार्थाचे रेणू मोठे असले, तर ते खोल न जाता त्वचेच्या सर्वांत वरच्या पापुद्र्यावरच राहतात आणि तेथील कोरड्या पेशींना पाणी मिळाल्यामुळे बारीक रेषा काही तास भरून आल्यासारख्या दिसतात. लावल्या लावल्या दिसणारा टवटवीतपणा तो हाच. तो खोटा नाही, पण तात्पुरता आहे, आणि जाहिरातीतली ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे बहुधा याच घटकेवर बेतलेली असतात.

गोव्याची हवा दमट आहे हे बाहेरच्या हवेपुरते खरे. बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्याला पोहोचलात आणि कार्यालयात शिरलात, की आठ-नऊ तास तुमच्या चेहऱ्याभोवती वेगळीच हवा असते. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी म्हणजे त्याच खोलीतल्या हवेतून काढून घेतलेला ओलावा. अशा हवेत नुसते सीरम लावून वर काहीच लावले नाही, तर त्याने धरलेले पाणी उडून जाते आणि त्वचा पुन्हा ओढू लागते. तुमच्या बाबतीत हेच घडत असावे, असा माझा अंदाज आहे. म्हणून चेहरा धुतल्यावर पूर्ण पुसून न टाकता तो किंचित ओला असतानाच सीरम लावावे आणि लगेच त्यावर मॉइश्चरायझरचा थर द्यावा, म्हणजे आतले पाणी सहजासहजी निसटणार नाही. दिवसा या सर्वांवर सनस्क्रीन हवेच. तुमचा दिवस घरी किंवा बाहेरच्या मोकळ्या हवेत जात असता, तर पावसाळ्यात सीरमची गरज नाही, असे मी बेधडक सांगितले असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा येतो, तेव्हाची गोष्ट निराळी.

आता परीक्षेकडे वळू. लावण्याची पद्धत सुधारल्यावर सीरम चेहऱ्याच्या एकाच बाजूला लावावे. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन मात्र दोन्ही बाजूंना अगदी तेच ठेवावे. बाजू नाणे उडवून ठरवावी, कारण मनाने निवडली की जी बाजू मुळातच बरी आहे तिच्याकडे कल जातो. मोटार तुम्ही स्वतः चालवत असाल, तर उजव्या गालावर ऊन अधिक येते, हेही हिशेबात धरावे. या काळात दुसरे कोणतेही नवे प्रसाधन सुरू करू नये आणि पार्लरमध्ये फेशियलही करून घेऊ नये. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळण्याची सोय उरत नाही. रोज संध्याकाळी, चेहरा धुण्यापूर्वी, कोणता गाल अधिक ओढला जातो हे दोन शब्दांत लिहून ठेवावे. यजमानांचा उपयोग येथे होईल: सीरम कोणत्या बाजूला आहे हे न सांगता, खिडकीच्या त्याच उजेडात उभे राहून त्यांना कौल द्यायला लावावा. ओलाव्याची पारख करायला दोन-तीन आठवडे पुरतात. डाग किंवा सुरकुत्या यांचा निवाडा इतक्या लवकर करता येत नाही, आणि केवळ ओलाव्याच्या सीरमकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

दोन्ही गालांत फरक आढळला नाही, तर मॉइश्चरायझरनेच काम भागते आहे, असे समजून सीरमचे पैसे वाचवावेत. फरक आढळला, तरी पुढची बाटली घेताना घटकांची यादी वाचावी. आपल्याकडील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि त्याहून कमी असलेले नंतर कोणत्याही क्रमाने छापता येतात. हायल्युरोनिक अ‍ॅसिड पुष्कळदा या दुसऱ्या गटात मोडत असल्याने त्याच्या स्थानावरून फारसे काही कळत नाही. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन दिसले, तर मात्र ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. ओलावा धरण्याच्या कामात ग्लिसरीन कोणाला हार जाणारे नाही आणि ते ज्यात भरपूर आहे असे साधे मॉइश्चरायझर सीरमच्या किमतीच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.

प्रश्न : ओलाव्याचे सीरम लावल्यावर चेहऱ्याची आग होते. दुकानदार म्हणतो, आग होणे म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. हे खरे का?
— एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : नाही. नुकतीच दाढी केलेली असेल, तर क्षणभर चुरचुरणे समजण्यासारखे आहे. पण आग टिकत असेल, तर त्यातील सुवास, परिरक्षक किंवा भर म्हणून घातलेले एखादे आम्ल तुमच्या त्वचेला मानवत नसावे. सीरम बंद करावे आणि त्वचा पूर्ववत होईपर्यंत सौम्य फेसवॉश व साधे मॉइश्चरायझर यांखेरीज काहीही लावू नये. पुढे कोणतेही नवे सीरम आणाल, ते आधी कोपराच्या आतल्या बाजूस रोज दोन वेळा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. लाली, खाज किंवा सूज राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातही त्वचारोग विभाग आहे. जाताना बाटलीबरोबर तिचे खोकेही न्यावे, कारण घटकांची पूर्ण यादी पुष्कळदा खोक्यावरच छापलेली असते.