गॅरेजमागच्या तेलकट मातीवर जिवाणूंची बाटली ओतावी का?

तुमचा प्रश्न: गॅरेजमागच्या काळ्या मातीत डिझेल आणि जळकं ऑइल मुरलंय, विक्रेता ‘नैसर्गिक साबण बनवणारे मातीतले जिवाणू’ बाटलीतून देतोय, ओतले तर जमीन साफ होईल का?

बाटली घेऊ नका. जिथे वर्षानुवर्षं तेल सांडतंय तिथे ते खाणारे जिवाणू आधीच ठाण मांडून असतात. त्यांना कमी पडतो तो नत्र, स्फुरद, ओल आणि सगळ्यात जास्त हवा.

विक्रेता म्हणतो ते नैसर्गिक साबण, म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचं रॅम्नोलिपिड किंवा बॅसिलस सबटिलिसचं सर्फॅक्टिन, पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाची ओढ) ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास आणतं, हे खरं. पण फ्लास्कमध्ये रॅम्नोलिपिड भरघोस येतं ते नत्र संपत आल्यावर, आणि मातीत नत्र नसेल तर तेल खाल्लंच जात नाही. वर काळ्या मातीतली चिकण त्या साबणाला धरून ठेवते, उरलेलं इतर जिवाणू फस्त करतात. फेस दाखवून माल खपवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. आणि परीक्षानळी साबणाने धुतलेली असेल तर नुसत्या पाण्यातही फेस दिसतो. जिवाणू न घातलेल्या द्रावणाची नळी शेजारी ठेवायला सांगा.

एका डिझेल डेपोत यावरूनच वाजलं होतं. ठेकेदार म्हणे, बाटल्या ओता, माती हलवायची गरज नाही. शेवटी एकाच मातीचे दोन वाफे पाडले: एकात बाटल्या, दुसऱ्यात फक्त खत आणि रोटाव्हेटर. बाटल्यांचा वाफा वरून छान भुरा दिसायचा. ढेकूळ फोडलं की आत चकचकीत काळा गाभा आणि डिझेलचा भपकारा. किलोभर तेल संपवायला जिवाणूंना तीन किलोहून जास्त ऑक्सिजन लागतो. न फोडलेल्या ढेकळात तो शिरणार कुठून? तरी ठेकेदाराच्या अहवालात तेलाचा आकडा उतरला, कारण नमुना घेण्याआधी त्यात मुरूम मिसळला होता. म्हणून नमुना तुम्ही घ्या, ढेकळाच्या पोटातून, आणि खत न दिलेला एक वाफा तुलनेला ठेवा; डिझेल नुसतं उडूनही जातं.

हिशेब असा. मातीत ३ टक्के तेल म्हणजे टनाला ३० किलो, त्यात कार्बन सुमारे २५ किलो. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरलं तर नत्र अडीच किलो, स्फुरद पाव किलो: म्हणजे ५ किलो युरिया, सव्वा किलो डीएपी. एकदम टाकलंत तर क्षार चढून जिवाणूच मरतील. आठ हप्ते करा, एका वेळी टनाला ७०० ग्रॅमच्या वर युरिया नको. जाड प्लास्टिकवर बांध घालून माती २०-२५ सेंटिमीटर पसरा, भाताचं तूस मिसळा, दर आठवड्याला उलटीपालटी करा. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. सामू (पीएच) ६.५ ते ८. तेल ५ टक्क्यांच्या वर असेल तर आधी कमी तेलाची माती मिसळून ते खाली आणा, आणि ती भर अहवालात लिहा.

अलास्कात १९८९ साली एक्झॉन वाल्डेझ या टँकर जहाजाचं तेल किनाऱ्यावर आलं तेव्हाही खतच फवारलं होतं. पुढच्या वर्षी विकतचे जिवाणू तपासले, तर नुसत्या खतापेक्षा सरस ठरले नाहीत.

रिफायनरीच्या गाळाची गोष्ट वेगळी. तिथे टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीवर वाढवलेलं जिवाणूंचं मिश्रण, वापरतात, आणि त्याला माझा आक्षेप नाही. एरुजिनोसा मात्र जखमेत आणि फुप्फुसात रोग करतो. बाटलीवर त्याचं नाव असेल तर उघड्यावर अजिबात नको. जळक्या ऑइलमधलं जस्त, शिसं कुठलाच जिवाणू खात नाही, डांबरासारखा जड भागही बराचसा उरतो, तेव्हा धातूंची तपासणी आधी करा. आणि जवळ विहीर असेल तर जागेवरच्या मातीत साबण, नैसर्गिक असो वा कारखान्यातला, ओतूच नका: सुटं झालेलं तेल पाण्याबरोबर खाली उतरतं.