माझ्या आईची जड झुमक्यांनी फाटलेली कानाची पाळी इंदूरमध्ये शिवता येते का? ही शस्त्रक्रिया नवी आहे का?

हो, तुमच्या आईंची पाळी इंदूरमध्येच प्लास्टिक सर्जन शिवून देतील, आणि ही शस्त्रक्रिया अजिबात नवी नाही. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात, १६व्या अध्यायात, पाळी सांधण्याचे १५ प्रकार दिले आहेत. वाचताना थक्क व्हायला होतं: कडा खरवडून ताज्या करायच्या, नीट जुळवायच्या, मध-तूप लावून कापूस ठेवायचा आणि दोरा बांधायचा, फार घट्ट नको, फार सैल नको. भरून आलेल्या कडा नुसत्या जुळवून चिकटत नाहीत, म्हणून आजचे सर्जनही जागा बधिर करून आधी कडा ताज्याच करतात. फक्त, टाके निघाले की लगेच सराफ्यात जाऊन त्याच जागी टोचू नका. काही महिने थांबा.