शेणखत आणलंय, आता वाफे खणू का?

प्रश्न : ताई, थंडी ओसरत आली आहे. गेल्या वर्षी टोमॅटोची रोपं ऐन फुलावर असताना एकेक करून माना टाकून मेली. यंदा त्याच वाफ्यात भरपूर शेणखत घालून लवकर लागवड करावी म्हणते. खत आणून ठेवलंय. खणायला घेऊ का?

उत्तर : आधी वीतभर खोलवरची मूठभर माती काढून घट्ट दाबा. बोट लावताच गोळा फुटला तर वाफसा आलाय, खुशाल खणा. गोळा चकचकीत राहिला, त्यावर बोटांचे ठसे उमटले, तर कुदळ ठेवून द्या. ओली माती खणली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर अशी ढेकळं होतात की हंगामभर फुटत नाहीत.

मला खरी काळजी तुमच्या खताची वाटते. ते कुजलेलं आहे की नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ढीग उकरून बघा. आतून ऊब लागली, शेणाचा उग्र वास आला, काडीकचरा ओळखू आला, तर ते कच्चं आहे. त्याने कोवळी मुळं करपतात, शिवाय हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी वाफ्यात येतं. पालक, मुळा अशा मातीलगतच्या भाज्यांना तर ते मुळीच घालू नका, जंतूंचा धोका असतो. झाकून, ओलसर ठेवून पूर्ण कुजू द्या. काळसर, भुसभुशीत झालं की दोन-तीन इंचांचा थर वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळा. एवढं पुरे. नत्र फार झालं तर टोमॅटोला नुसता पाला येतो.

आणि टोमॅटो त्या वाफ्यात नकोच. तुमच्या वर्णनावरून मर रोगाची शंका येते. तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो, खताने हटत नाही. वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातले, म्हणून तेही तिथे टाळा. मका, कांदा किंवा लसूण लावा. यंदा दुसऱ्या वाफ्यातलं एखादं रोप मलूल झालं, तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरा. कापलेल्या टोकातून दुधट धागे उतरले, तर तो जिवाणूजन्य मर. रोप मुळासकट उपटून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका.

लवकर पेरायची हौस वाटाणा, पालक, मुळ्यावर भागवा. त्यांना गारवा मानवतो. टोमॅटोची रोपं मात्र रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर टिकेपर्यंत आतच ठेवा. लावण्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उन्हावाऱ्यात काढा.