नवख्यांसाठी कोणतं चॅनेल? आधी उत्तर किती दिवस टिकायला हवं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या दोन-तीन कॉलेजांतली तीसेक मुलं लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या कामात उतरवायची आहेत. काही मराठी भाषांतराला, काही चाचणीला, दोघं-तिघं कोडला. व्हॉट्सॲप ग्रुप झालाच आहे, आता टेलिग्राम, डिस्कॉर्ड आणि मॅट्रिक्स या गप्पांच्या सेवांपैकी अजून काय उघडावं?

पहिले दोन महिने काहीच उघडू नका.

बाहेरगावचा माणूस नाशकात ‘स्टँड कुठंय?’ विचारतो, तेव्हा आपण उलट विचारतो, ‘कुठला?’ जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग, निमाणी. गाडी कुठली धरायची ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. इथेही प्रश्न कोणत्या जातीचा ते आधी बघायचं, आणि मग त्याचं उत्तर किती दिवस टिकायला हवं ते. ‘शनिवारी किती वाजता भेटायचं’ याचं उत्तर रविवारी मेलं तरी चालतं. ‘पीडीएफ केल्यावर जोडाक्षर का तुटतं’ याचं उत्तर पुढच्या वर्षीच्या बॅचलाही लागणार.

म्हणून व्हॉट्सॲप निरोपांपुरतं ठेवा. तिथलं तांत्रिक उत्तर गूगलला दिसत नाही, चार दिवसांत ‘गुड मॉर्निंग’ आणि वाढदिवसांखाली गाडलं जातं, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा येतो तेव्हा उत्तर देणाऱ्याचा उत्साह संपलेला असतो. शिवाय ग्रुपमध्ये आपला मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. तीस अनोळखी लोकांपुढे नंबर उघडा करायला नको म्हणून एखादी मुलगी येतच नाही, आणि ती का आली नाही हे कोणाला कळतही नाही.

लिब्रेऑफिसकडे दारं आधीच आहेत. ‘हे कसं करायचं’, ‘माझ्याकडे असं का दिसतं’ याला आस्क लिब्रेऑफिस हा प्रश्नोत्तरांचा मंच; २०२१ पासून तो डिस्कोर्स या मंचाच्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि तिथली उत्तरं शोधल्यावर सापडतात. भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर. एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर त्या ओळीवरच टिप्पणी टाकायची, कारण पुढचा भाषांतरकार तीच ओळ उघडणार आहे. खराखुरा बग (सॉफ्टवेअरचा दोष) असेल तर लिब्रेऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनचं बगझिला, म्हणजे दोषांची नोंदवही. कोड गेरिटवर, म्हणजे तो तपासून घेण्याच्या ठिकाणी, जातो. त्यासाठी डेव्हलपर मेलिंग लिस्टवर परवान्याचं निवेदन पाठवावं लागतं: आपलं आजवरचं आणि पुढचं सगळं योगदान एमपीएल २ आणि एलजीपीएल ३ किंवा त्यापुढील या मुक्त सॉफ्टवेअरच्या दुहेरी परवान्याखाली वापरता येईल. एका वाक्याचं काम, पण मुलं नेमकी हेच विसरतात. पॅच (पाठवलेला कोडबदल) अडकतो आणि मग ‘मेंटॉर उत्तरच देत नाहीत’ अशी कुरकुर सुरू होते.

सगळ्यात जास्त गल्लत आस्क आणि बगझिला यांत होते. हमखास दिसणारा नमुना घ्या. छापखान्यातून किंवा एखाद्या पतसंस्थेच्या ऑफिसातून आलेली जुनी मराठी फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. नवखा थेट बगझिलात लिहितो, ‘मराठी नॉट वर्किंग, प्लीज फिक्स’. हा बग नाहीच. फाइल युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-संकेतपद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेली असते. आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, तो फाँट त्यांना फक्त देवनागरीचे आकार देतो. तुमच्या मशीनवर फाँट नसला की आतलं रोमन उघडं पडतं. एक तर तो फाँट बसवायचा, नाहीतर त्या फाँटासाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. हा प्रश्न आस्कवर गेला तर उत्तर मिळतं आणि पुढच्याच्याही कामाला येतं. बगझिलात तो ‘नॉट अ बग’ असा शिक्का बसून बंद होतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला हाकललं.

याउलट, मजकूर युनिकोडच आहे, पडद्यावर ‘कर्तृत्व’ नीट दिसतं आणि पीडीएफमध्ये तुटतं, तर ते बगझिलाचं काम. नोंदवण्याआधी लिब्रेऑफिस हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग आणि जोडण्यांविना, सुरू करून बघा. तिथे दोष गेला तर गडबड आपल्या प्रोफाइलमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. राहिला तर नोंदवा. अबाउट खिडकीतून कॉपी केलेली आवृत्तीची सगळी माहिती (नुसतं ‘लेटेस्ट व्हर्जन’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं), फाँटचं नाव आणि तो कुठून उतरवला, क्रमाने पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत छोटी नमुना फाइल. ती जोडताना जपा, कारण जोडलेली फाइल जगाला दिसते. सातबारा, मार्कशीट, आधार क्रमांकाचा अर्ज असलं काही चढवू नका. त्याच फाँटात ‘कर्तृत्व, राष्ट्र, ज्ञानेश्वर’ एवढं टाइप करून कोरी फाइल बनवा आणि दोष तिच्यातही दिसतो का ते आधी तपासा. नाही दिसला तर तुम्ही कारणाच्या बरेच जवळ आलात.

नवा बग ‘अनकन्फर्म्ड’ राहतो, दुसऱ्या कोणी तो आपल्या मशीनवर पाहिला की ‘न्यू’ होतो. ‘नीडइन्फो’ झाला म्हणजे माहिती आपण द्यायची आहे. दिली नाही तर काही महिन्यांनी तो बंद होतो. खरं सांगायचं तर तुमच्या तीस जणांचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे: इतरांचे अनकन्फर्म्ड बग विंडोज, उबुंटू, फेडोरा अशा वेगवेगळ्या मशीनवर करून पाहणं. कोड येत नसला तरी हे जमतं.

प्रश्न साध्या इंग्रजीत लिहा, व्याकरण चुकलं तरी चालतं. मथळ्यात ‘अर्जंट’, ‘हेल्प’ नको. ‘पीडीएफ केल्यावर देवनागरी जोडाक्षर तुटतं, पडद्यावर ठीक’ असा मथळा हवा. ‘रिस्पेक्टेड सर’ही नको. पलीकडे सर असतीलच असं नाही, मॅडमही असतात, आणि कोणी असलं तरी तिथे तशी रीत नाही. ‘हा बग मला असाइन करा’ असं लिहून बसणंही टाळा. काम सुरू करा आणि केलेलं दाखवा.

आता थेट गप्पांची चॅनेल. लिब्रेऑफिसच्या डेव्हलपर आणि क्यूए (चाचणी) मंडळींची चॅनेल आयआरसी या जुन्या मजकुरी गप्पांच्या पद्धतीतली, लिबेरा चॅट या नेटवर्कवर आहेत. मे २०२१ मध्ये बरेच प्रकल्प फ्रीनोड हे आधीचं नेटवर्क सोडून तिकडे गेले, त्यामुळे जुन्या व्हिडिओत फ्रीनोडचा पत्ता दिसला तर तो सोडून द्या. जोडताना पोर्ट ६६९७, टीएलएस (सुरक्षित जोडणी) चालू, आणि निकसर्व्ह या तिथल्या नोंदणी-सेवेकडे टोपणनाव नोंदवून घ्या. काही चॅनेलांत नोंदणीशिवाय बोलताच येत नाही. ‘एक प्रश्न विचारू का?’ असं न विचारता सरळ प्रश्न टाका. आणि मग थांबा. मुलं दहा मिनिटं वाट बघून निघून जातात, उत्तर पाऊण तासाने येतं, आणि आयआरसीवर आपण जोडलेले नसताना आलेलं उत्तर आपल्यापर्यंत पोचत नाही. या प्रकल्पातले बरेच लोक युरोपात आहेत. आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे बर्लिनला उन्हाळ्यात ५:३०, हिवाळ्यात ४:३०, म्हणजे दप्तर आवरायची वेळ. दुपारी २ ते ५ मध्ये विचारलेलं बरं, आणि संध्याकाळपर्यंत जोडलेले राहा. मिळालेलं उत्तर आस्कवर आपणच लिहून टाकायचं, म्हणजे ते टिकतं.

दोन महिन्यांनी स्वतःची खोली हवीच असं वाटलं, तर माझं मत मॅट्रिक्स. फोन नंबर लागत नाही, आणि इतिहास उघडा ठेवला तर उशिरा आलेल्यालाही मागचं वाचता येतं. खोली बनवताना एन्क्रिप्शन (संदेशांचं कुलूप) बंद ठेवा. सार्वजनिक खोलीत त्याचा उपयोग नाही, नव्याला जुने संदेश वाचता येत नाहीत, आणि एकदा चालू केलं की बंद करता येत नाही. आयआरसीशी जोडणाऱ्या पुलाच्या (इकडचे संदेश तिकडे नेणाऱ्या सेवेच्या) भरवशावर राहू नका, लिबेरा आणि मॅट्रिक्समधला मोठा पूल २०२३ मध्ये बंद झाला. स्लॅक या गप्पांच्या आणखी एका सेवेच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपलीकडचं दिसत नाही, म्हणजे सेमिस्टर संपायच्या आत सुरुवातीचं सगळं गायब. डिस्कॉर्ड मुलांना सवयीचं आहे, पण तिथलं बोलणं बाहेरून शोधता येत नाही. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो; मॅट्रिक्स जड वाटलं तर ते चालेल.

कुठलीही खोली असो, आठवड्याला एक जण पाळीवर नेमा. त्याचं काम उत्तर देणं नाही. इथे आलेला प्रश्न योग्य दारी नेऊन त्याचा दुवा परत इथे टाकणं. आणि हा संदेश आजच व्हॉट्सॲपवर पिन करा:

‘भेटीची वेळ, जागा: इथे. कसं करायचं: आस्क लिब्रेऑफिस. शब्दाची शंका: वेबलेटमध्ये त्याच ओळीवर. दोष: आधी सेफ मोड, मग बगझिला, नमुना फाइलसह. कोड: आधी परवान्याचं निवेदन, मग गेरिट. प्रश्न टाकल्यावर त्याचा दुवा इथे द्या, मजकूर नको.’